आप्पांच्या बोअरआधी घरचा ऊस

पत्र

ताई, मी २८ वर्षांची. बीड जिल्ह्यातल्या एका गावची सून आणि दोन वर्षांपासून ग्रामपंचायत सदस्य. गाव १,५०० वस्तीचं, क्षेत्र ९०० हेक्टर, पाऊस सरासरी ५५० मिलिमीटर. एप्रिल लागला की टँकर. अर्धं गाव दिवाळीनंतर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातं. गावात चाळीसेक एकर ऊस आहे, आमचाही तीन एकर आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी लॅपटॉप लावून शाश्वत विकासावर बोलले. अकरा माणसं होती, त्यातली दोन पेंगत होती. चुलतसासरे आप्पा हसून म्हणाले, "सूनबाई, हे पुण्या-मुंबईवाल्यांना सांगा." गेल्या वर्षी आम्ही पोरापोरींनी डोंगरावर ५०० झाडं लावली, ३१ जगली. आता आप्पा नळयोजनेच्या विहिरीपासून ३०० मीटरवर ७०० फुटांची बोअर घेणार आहेत. पानाड्यानं, म्हणजे पाण्याची जागा सांगणाऱ्यानं, हातावर नारळ ठेवून जागाही दाखवलीय. मी विरोध करू का? मला याच घरात राहायचंय. आणि लोकांना हे सगळं पटवू कसं? मला एकेरीच म्हणा.
— पदर सांभाळणारी सदस्य

उत्तर

एकेरीच म्हणते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा आप्पांचा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी अडकले: "आमचाही तीन एकर आहे." ते तू जाता जाता लिहिलंस, पण माझं निम्मं उत्तर त्याच वाक्यावर आहे. तिथे येतेच. आधी ग्रामसभा.

शाश्वत विकास हा शब्द तू गावात नेलास ते एक वेळ ठीक, पण तो गावाला आपला वाटेल अशी आशा सोडून दे. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या अहवालातून तो जगभर गेला. आधी इंग्रजीत आला, मग शासकीय मराठीत, आणि जीआरमध्ये राहून राहून कडक झाला. तुझ्या सासूबाईंना विचार, दुष्काळात घरात दाणा नव्हता तेव्हा राख लावून गाडग्यात ठेवलेलं पेरणीचं बी कुणी शिजवून खाल्लं होतं का? नाही म्हणतील, आणि वर तुझ्याकडे विचित्र नजरेनं बघतील. म्हणजे ती गोष्ट त्यांना माहीतच आहे. माहीत नाही ते एवढंच, की जमिनीखालचं पाणीसुद्धा बियाण्याचं गाडगं आहे आणि गाव ते शिजवून खातंय. त्यांना ते दिसत नाही, कारण पाणी जमिनीखाली आहे. तुझं काम ते दिसेल असं करण्याचं आहे. त्याला लॅपटॉप लागत नाही, मोजायचा टेप लागतो.

आता कागद-पेन घे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडलं. ५५० मिलिमीटर गुणिले ९०० हेक्टर, म्हणजे साधारण ४९५ कोटी लिटर. एवढं पाणी पडतं तर टँकर कशाला, असं कुणीही विचारेल. पण यातलं बहुतेक उन्हानं उडतं, पिकं-गवत पितात, काही ओढ्यानं निघून जातं. आपल्या काळ्या कातळाच्या मुलखात भूजलात मुरणारं पाणी शंभरातलं दहाच्या आसपास धरतात. म्हणजे तुमच्या गावाच्या खात्यावर वर्षाला जेमतेम ५० कोटी लिटर जमा होतं.

आता खर्च. जलजीवन मिशन या सरकारी नळयोजनेच्या मापानं माणशी रोज ५५ लिटर धरलं तर १,५०० माणसांना वर्षाला ३ कोटी लिटर लागतं. ऊस वर्षभर उभा असतो. पाटानं भिजवला तर पावसाचा वाटा वजा जाताही हेक्टरी दीड कोटी लिटर उपसावं लागतं, आणि हे मी हात राखून धरलंय. चाळीस एकर म्हणजे १६ हेक्टर. २४ कोटी लिटर. गावच्या जमिनीचा पन्नासावा हिस्सासुद्धा नसलेल्या तुकड्यानं गावाच्या मुरलेल्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं घेतलं.

आणि तुमचा तीन एकर? १ कोटी ८० लाख लिटर. तेवढं पाणी गावातल्या ९०० माणसांना वर्षभर पुरतं.

हे वाचून तुला वाईट वाटावं म्हणून लिहिलेलं नाही. तुझ्या सासऱ्यांनी ऊस हौसेनं लावलेला नाही. उसाचा भाव आधी ठाऊक असतो, कारखान्याची गाडी बांधावर येते, मालकानं पाणी सोडलं की बाकी कटकट कमी. तूर-कांद्याचा भाव कधी कोसळेल ते ब्रह्मदेवालाही माहीत नसतं. पण ऊस असलेल्या घरची सून दुसऱ्याच्या बोअरवर बोलायला उभी राहिली की ग्रामसभेत मागच्या रांगेतून कुणीतरी खाकरणारच. त्या खाकरण्याला तुझ्याकडे उत्तर हवं. एक एकर मोड. या हंगामात तुटल्यावर त्यातला एक एकर खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांवर पुन्हा फुटणारा ऊस, ठेवू नका, तिथे ज्वारी-हरभरा घ्या. नवऱ्याशी आणि सासऱ्यांशी हे बोलणं आप्पांशी बोलण्यापेक्षा जड जाईल, मला कल्पना आहे. ठिबक करू म्हणतील. ठिबकनं पाणी वाचतं, खरं आहे. मी मात्र असंही पाहिलंय की ठिबकनं वाचलेल्या पाण्यावर माणूस पुढच्या वर्षी आणखी दोन एकर ऊस लावतो. म्हणून ठिबक करा, पण क्षेत्र आधी ठरवा.

इथे माझी एक फजिती सांगते. वीसेक वर्षांपूर्वी मी एका संस्थेबरोबर पाणलोटाच्या कामात होते. एका गावात आम्ही तीन वर्षं राबलो. डोंगराला सलग समतल चर खणले, ओढ्यावर माती-नालाबांध घातले, गावानं श्रमदान केलं. दुसऱ्या वर्षी विहिरींना मार्चपर्यंत पाणी. लोक आमच्या पाया पडले, आम्ही फोटो काढले. तिसऱ्या हिवाळ्यात तमिळनाडूच्या नंबरप्लेटच्या, बोअर पाडणाऱ्या रिगगाड्या रात्री गावात शिरायला लागल्या. पाणी वाढलंय हे सगळ्यांनाच दिसलं होतं. ज्याच्याकडे पैसा होता त्यानं आधी ओढलं. पाचव्या वर्षी त्या गावात मार्चमध्येच टँकर आला, आमच्या कामाआधी तो एप्रिलअखेर यायचा. चर खणायला जे भूमिहीन बाया-बापे सगळ्यात पुढे होते त्यांच्या वाट्याला टँकरपुढची रांग. त्यातली एक बाई मला म्हणाली, "ताई, आम्ही त्यांच्या उसाला पानी घातलं की वो." आम्ही पाणी अडवायला शिकवलं होतं. वाटणीचा नियम पाणी येण्याआधी करायचा असतो, हे आम्हालाच ठाऊक नव्हतं. पाणी आल्यावर तो होत नाही. ज्याच्या बांधावर पाणी आलं तो कशाला ऐकेल?

खरं तर तोवर तो धडा आपल्याच राज्यात कुणीतरी गिरवून ठेवला होता. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात फिरले आणि नायगावात त्यांनी पाणी पंचायतीचं काम उभं केलं. त्यांचे नियम आजही वाचले तर कडक वाटतात. पाणी जमिनीवर नाही, माणसावर: माणशी अर्ध्या एकराचं, घराला जास्तीत जास्त अडीच एकराचं. जमीन नसलेल्यालाही वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी घालायचा. आणि ऊस नाही. शेवटचं वाक्य तुमच्या घरात मोठ्यानं वाचू नकोस, पण भूमिहीनांच्या वाट्याचं वाक्य पाठ करून ठेव.

कारण तुझं अर्धं गाव कोयत्यावर जातं. विचार कर, ही माणसं मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन लांबच्या फडात दुसऱ्याचा ऊस तोडतात, मार्च-एप्रिलमध्ये परत येतात तर गावची विहीर गावच्या उसानं आटवलेली. पाण्यावर त्यांच्याइतका हक्काचा प्रश्न कुणाचाच नाही, आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती नेमकी गावात नसतात. म्हणून तुझ्या कामाची तारीख २ ऑक्टोबर. टोळ्या निघायच्या आत. १५ ऑगस्टला त्यातली बहुतेक गावातच होती, तरी अकराच आली, कारण तुझ्या विषयात त्यांना स्वतःचं काही दिसलं नाही. वस्तीवर जा. भाषण नको. "तुम्ही फडावरून याल तेव्हा हंडाभर पाणी असावं, त्याचं ठरवायचंय" एवढंच सांग.

आणि त्याआधी महिला सभा लाव. नियमित ग्रामसभेच्या आधी ती घेणं कायद्यानंच बंधनकारक आहे. बऱ्याच गावांत तिचं रजिस्टर घरोघरी सह्यांना फिरतं आणि सभा झाली असं लिहितात. तू ती खरी घे. देवळात नको, काही बायका महिन्यातल्या काही दिवशी येत नाहीत. शाळेत घे, दुपारी दोनला, भाकऱ्या झाल्यावर. गणपूर्तीचंही लक्षात ठेव: ग्रामसभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातलं कमी असेल ते लागतं. अकरा माणसांच्या सभेतला ठराव कुणीही एका अर्जात उडवून लावेल.

आता टेप. पन्नास मीटरचा घे, टोकाला वजन बांध. गावातल्या नऊ-दहा विहिरी निवड, काही डोंगराच्या अंगाला, काही मधल्या रानात, काही ओढ्याकाठी. काठावर एक खूण रंगव आणि तिथून पाण्यापर्यंतचं माप घे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. तूही तेच महिने धर, म्हणजे पुढे त्यांच्या आकड्यांशी ताडून बघता येईल. पहाटे मोजायचं, मोटारी सुरू व्हायच्या आत. शाळेच्या आवारात एक साधं पर्जन्यमापक बसव आणि सकाळी साडेआठला सातवीच्या पोरांकडून वाचून घे. हवामान खात्याचं केंद्र महसूल मंडळाच्या गावी असतं, तिथला पाऊस आणि तुमचा पाऊस यात कधी कधी रात्र-दिवसाचं अंतर पडतं.

हे सगळं चावडीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिही. विहिरीचं नाव, माप, तारीख. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलंस तर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जाईल. भिंतीवरचा आकडा बसची वाट बघणारा माणूस रोज वाचतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पोपटराव पवारांनी पाण्याचा ताळेबंद मांडला तो असाच, पावसाळा संपला की किती पडलं, किती मुरलं, त्यात रब्बीचं काय घेता येईल हे ग्रामसभेत ठरवायचं. तिथे शेतीसाठी बोअर बंद आहेत, आणि त्या मुलखात पाऊस तुमच्यापेक्षा कमीच. पण ते गाव १९९० पासून यात आहे. तू पहिल्या वर्षी ठरावाची घाई करू नकोस. पहिलं वर्ष फक्त भिंत.

आता आप्पा.

विरोध करू का, असं विचारलंस. सभेत उठून नाही. त्यांचा मान जाईल, आणि मान गेलेला माणूस खरं पटलेलं असलं तरी मान्य करत नाही. आधी त्यांच्या ओट्यावर जा. एकटी नको, सासूबाईंना घेऊन जा, भावजयीनं बोलावं तसं त्या बोलतील. आणि बोअरचा विषय काढायलाच नको. विहिरींविषयी विचार. आप्पांनी मोट हाकलेली असणार. त्यांची विहीर किती परस (पुरुष) खोल होती, ७२ साली पाणी कुठवर गेलं, पहिली मोटार कधी बसली, तळाला गाळ काढायला शेवटचं कोण उतरलं, हे विचार. त्या पिढीच्या माणसाला हे कुणी विचारत नाही. ते बोलायला लागले की वहीत लिहून घे. गेल्या पन्नास वर्षांची तुझ्या भिंतीवरची पहिली ओळ तीच आहे, आणि ती तुला कुठल्याच कार्यालयात मिळणार नाही. मग म्हण, "आप्पा, विहिरी मोजायच्यात, पहिलं माप तुमच्या विहिरीचं घ्यायचं म्हणते, चला ना दाखवायला."

यानं ते बोअर सोडतील का? कदाचित नाही. माझा माणसांवर इतका भाबडा विश्वास राहिलेला नाही. पण ७०० फुटांची गोष्ट त्यांना सांग. आपल्याकडे पाणी असतं ते वरच्या मुरमाच्या थरात आणि कातळाच्या भेगांत. खोल बोअरला लागतं ते एखाद्या भेगेत कित्येक वर्षं साठलेलं पाणी. पहिल्या वर्षी धो धो येतं, दुसऱ्या वर्षी थांबत थांबत, मग फुफाटा. वरून ते सहजी भरत नाही. मधल्या भेगा नळयोजनेच्या विहिरीला जोडलेल्या निघाल्या तर आप्पांची मोटार सुरू झाली की गावचा नळ बंद. पानाड्याच्या नारळाबद्दल काही बोलू नकोस. तो वाद तू जिंकलीस तरी हरशील.

तेही जमलं नाही तर कायदा आहे. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, हे राज्यात १९९३ पासून आहे. शिवाय २००९ चा भूजल अधिनियम शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे जेमतेम २०० फुटांपेक्षा खोल जायला मनाई करतो. आप्पांचा बेत दोन्हीकडून अडतो. पण लगेच तहसीलला अर्ज टाकू नकोस. महिला सभेत ठराव घे: नळयोजनेच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत कुणीही नवी बोअर घेऊ नये, आणि घेऊ लागल्यास ग्रामपंचायतीनं तहसीलदारांना कळवावं. आप्पांचं नाव नाही, कुणाचंच नाही. ठराव तू मांडू नकोस. कोयत्यावर जाणाऱ्या एखाद्या बाईनं मांडावा, तू बाजूला बसून लिहून घे. तो २ ऑक्टोबरच्या सभेत जाऊ दे. मग ३०० मीटर कुणी मोजायचे हा प्रश्न घरातला राहत नाही, गावाचा होतो. तरीही एखाद्या रात्री रिग आलीच तर ग्रामसेवकाला लेखी कळव आणि पोच घे. सदस्य आहेस. टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायांनी तुला त्यासाठीच निवडून दिलंय. घरात चार दिवस अबोला होईल. तो सोसायचा की नाही हे मी पुण्यात बसून ठरवू शकत नाही.

शेततळ्याचं तू लिहिलं नाहीस, पण ऊस आणि बोअर आहे तिथे प्लॅस्टिकचं शेततळं असतंच. पावसाच्या वाहत्या पाण्यानं भरलेलं शेततळं चांगलं. विहिरीतलं पाणी उपसून त्यात भरणं म्हणजे सावलीतला हंडा उन्हात नेऊन ठेवणं. तीस बाय तीस मीटरच्या तळ्यावरून ऐन उन्हाळ्यात दिवसाला ८-१० मिलिमीटर उडतं, म्हणजे रोज सात ते नऊ हजार लिटर. टँकरची जवळजवळ एक खेप रोज आभाळात.

झाडांचं थोडक्यात. ५०० लावून ३१ जगली, तर ती ३१ कुठली आणि कुठे जगली ते आधी बघून ये. पुढच्या वर्षी नवी लावू नका. त्याऐवजी डोंगराचा दहा-पंधरा हेक्टरचा तुकडा दोन-तीन वर्षं चराईला बंद करा. गवत आपोआप येतं, त्याखाली मुळातून फुटवे येतात, माती थांबते. मात्र इथेही वाटणीचा प्रश्न तोच. चराईबंदीचा पहिला फटका दोन-चार शेळ्या असणाऱ्या बाईला बसतो, ट्रॅक्टरवाल्याला नाही. तेव्हा बंदीच्या आधी ठरव की त्या तुकड्यातलं गवत विळ्यानं कापून न्यायचा पहिला हक्क शेळीवाल्या घरांचा. मेंढा-लेखाला, तिकडे गडचिरोलीत, निर्णय बहुमतानं करत नाहीत, सगळ्यांची सहमती होईपर्यंत बसतात. वेळ फार जातो. पण शेळीवाल्या बाईचं म्हणणं त्या वेळातच बाहेर येतं.

हे उत्तर छापून येईल तेव्हा सप्टेंबर अर्धा सरला असेल. टेप तालुक्याला हार्डवेअरच्या दुकानात मिळेल, फायबरचा घे, लोखंडी गंजतो. आप्पांच्या विहिरीवर गेलीस की टेपाचं वरचं टोक त्यांच्या हातात दे, खाली तू वाक. चष्मा नसेल त्यांचा तर आकडा मोठ्यानं वाच. आणि ऑक्टोबरचं माप मला कळव, घरच्या विहिरीचंसुद्धा.

— ताई